न दिसणारी सोंगटी

पटावरचे खेळ संगणकावर खेळण्याच्या व्हॅसल या मोफत प्रणालीवर मी सध्या उंबरखिंडीच्या लढाईचा पट रचते आहे. फेब्रुवारी १६६१. कारतलबखानाची फौज खिंडीच्या अरुंद वाटेत अडकलेली, आणि दोन्ही अंगांच्या रानात शिवाजी महाराजांचे मावळे दबा धरून बसलेले. मोगलांकडून खेळणाऱ्याला ते रान रिकामं दिसलं पाहिजे. सगळा खेळ त्यावरच उभा आहे.

सोंगटी लपवायला व्हॅसलमध्ये दोन गुणधर्म आहेत. ‘मास्क’ लावला की समोरच्याला इथे काहीतरी आहे एवढं कळतं, काय आहे ते कळत नाही. ‘इनव्हिजिबल’ लावला की काही आहे हेच कळत नाही. मालकाला मात्र ती सोंगटी फिकट, आरपार दिसते. गुणधर्मांचा क्रमही सांभाळावा लागतो. तुकडीच्या नावाची पट्टी यादीत मास्कच्या खाली राहिली, तर झाकलेल्या सोंगटीवरही नाव झळकतं. आणि खरी गंमत पुढेच आहे: लपवलेल्या सोंगटीची माहिती प्रतिस्पर्ध्याच्या संगणकात पोचलेलीच असते. फक्त त्याच्या पडद्यावर ती उमटत नाही.

मग पटावरचं रिकामं घर पाहून ‘इथे कोणी नाही’ असं म्हणायचा अधिकार कधी मिळतो? कुमारिल भट्टांची मीमांसा आणि अद्वैत वेदान्त अनुपलब्धीला, म्हणजे एखादी गोष्ट न आढळण्याला, ज्ञानाचं स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही. पण ती अनुपलब्धी योग्य हवी, म्हणजे ‘असता तर दिसलाच असता’ असं छातीठोकपणे म्हणता यायला हवं. अंधारात ते म्हणता येत नाही. पिशाच तर उजेडातही दिसण्याजोगं नाही. म्हणून खांबात ते दिसलं नाही, एवढ्यावरून ते तिथे नाही असं ठरत नाही. बौद्ध आचार्य धर्मकीर्तींचं मीमांसकांशी किती बाबतींत वाजलं, पण दिसण्याजोगं असण्याची अट त्यांनीही धरून ठेवली.

माझ्या पटावर ही योग्यता नियम करून आणावी लागली. टेहळणीची तुकडी रानाला भिडली की शेजारच्या घरात लपलेली सोंगटी उघड करायचीच. त्यानंतर रिकामं दिसलेलं घर खरोखर रिकामं. टेहळणीवाचून रिकामं दिसलेलं घर काहीच सिद्ध करत नाही. मावळे नाहीत हे नाही, तसंच आहेत हेही नाही.

हे शेवटचं आपण भाविक सोयीस्करपणे विसरतो. मी रोज देवपूजा करते, म्हणून हे माझ्याच माणसांना सांगते आहे. ‘देव दिसत नाही, म्हणून नाही’ असं कोणी म्हटलं की ‘वारा तरी कुठे दिसतो’ म्हणून आपण त्याला गप्प करतो. ठीक आहे. पण माझा दादा लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात काम करतो, आणि त्याचं म्हणणं निराळं आहे. तो म्हणतो, “दयाळू आणि सर्वसमर्थ कोणी असता, तर या वॉर्डात कळलं असतं.” असता तर दिसला असता: अनुपलब्धीची अट पुरी करूनच तो बोलतो आहे. त्यावर आपण म्हणतो, त्याची लीला अगम्य. असेल. पण मग त्या वॉर्डात देव दिसण्याजोगा नाही, हे आपणच कबूल केलं. तिथलंच एखादं पोर बरं होऊन घरी गेलं तर आनंद करावा, पेढे वाटावेत, हात जोडावेत. दादासमोर त्या पोराला पुरावा म्हणून उभं करू नये. टेहळणीचा नियम हवा तेव्हा लावायचा आणि अंगाशी आला की काढून घ्यायचा, हे मी पटावरसुद्धा चालू देत नाही.

पूजा मी सोडलेली नाही, सोडणारही नाही. दादाच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि तसं त्याला तोंडावर सांगितल्याने देवाचा काही अपमान होतो असं मला वाटत नाही.