चौकात उभी राहिलेली माणसे



गेल्या महिन्यात सणाच्या तयारीसाठी आपल्या सभागृहात बैठक झाली. जेवणाच्या कंत्राटाचा विषय निघाला. टेबलावर दोन दरपत्रके होती. एक मुंबईच्या केटररचे, दुसरे आपल्याच धर्मग्रामातील महिला बचत गटाचे. केटररचा दर ताटामागे तीस रुपयांनी कमी होता. गटातील बायका मागच्या बाकावर बसून होत्या. कोणी म्हणाले, “चर्चचा पैसा आहे, एक रुपयाही उगाच जाता कामा नये.” दुसरे कोणी म्हणाले, “काम द्यायचे नव्हते तर या बायांना बचत गट काढायला सांगितले तरी कशाला?” एक तरुण उठून म्हणाला, “बाहेरच्याला काहीच देऊ नका. मंडपवालासुद्धा आपलाच हवा, भय्या नको.” मग आवाज चढले आणि बैठक निर्णयाशिवाय उठली. आम्ही त्या वेळी गप्प बसलो होतो. खरे सांगायचे तर गेल्या वर्षी आम्हीच स्वस्त दराच्या बाजूने हात वर केला होता.

घरी आल्यावर संत मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला पुन्हा वाचला. या दाखल्यावर आपण अनेक प्रवचने ऐकली आहेत. शेवटी आलेल्यालाही पूर्ण मजुरी मिळाली, देव किती उदार आहे, असे आपण ऐकत आलो. पण संध्याकाळपर्यंत चौकात उभ्या राहिलेल्या त्या माणसांकडे आमचे कधी नीट लक्ष गेले नव्हते. धनी त्यांना विचारतो, दिवसभर रिकामे का उभे आहात? ती म्हणतात, आम्हाला कोणी कामाला बोलावलेच नाही. धनी त्यांना आळशी म्हणत नाही, उपदेशही करीत नाही. त्यांचे उत्तर तो खरे मानतो आणि त्यांना मळ्यात पाठवतो.

आपल्या नाक्यावर आणि स्टेशनबाहेर अशी मुले उभी दिसतात. आपण मात्र पटकन म्हणतो, मोबाइल सोडवत नाही, काम कसले करणार! त्यांना कामाला बोलवायचे कोणी, हा प्रश्न आपण विचारत नाही. घरच्यांनी? बाजाराने? सरकारने? आणि ज्या शहराला आपण कर भरतो त्या शहराचे यात काहीच देणे लागत नाही का?

आपल्याकडे काम म्हणजे गाडी, हे समीकरण जुने आहे. पहाटेच्या गाडीने भाजीच्या, फुलांच्या, केळ्यांच्या टोपल्या घेऊन आपल्या आया मुंबईला गेल्या. त्यांनी शिकवलेली मुले नंतरच्या गाडीने कचेरीत गेली. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महानगरपालिका झाली, गावाचे शहर झाले. (गावे त्यातून वगळावीत म्हणून आपल्यातील कितीतरी जण रस्त्यावर उतरले होते, पण तो आजचा विषय नाही.) महानगरपालिका म्हटली की आपल्याला पाणी, गटार, रस्ता, कचरा एवढेच आठवते. रोजगार हे तिचे काम नाही असे आपण धरून चालतो. परंतु १९९३ साली अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने शहरांकडे सोपवता येतील अशा १८ कामांची यादी राज्यघटनेला जोडली, तीत आर्थिक व सामाजिक विकासाचे नियोजन तिसऱ्याच क्रमांकावर आहे आणि शहरी दारिद्र्य कमी करणेही आहे. तेव्हा हा विषय महापालिकेच्या उंबऱ्याबाहेरचा नाही.

बहुतेक शहरे यासाठी एकच वाट धरतात. कोणी मोठा बाहेरून आणायचा. त्याला जागा द्यायची, करात सवलत द्यायची, फीत कापायची आणि इतक्या हजार नोकऱ्या येणार असे जाहीर करायचे. ही वाट चुकीचीच असते असे नाही, मोठ्या कारखान्यांवर अख्ख्या पिढ्या जगल्या आहेत. पण आलेला मोठा पाहुणा उठून गेला तर काय, याचा विचार फीत कापताना कोणी करीत नाही.

हे इंग्लंडमधील प्रेस्टन शहराने अनुभवले. प्रेस्टन या नावाचा मूळ अर्थच धर्मगुरूंचे गाव असा आहे. लँकेशायर परगण्यातील हे दीड लाखाच्या आसपास वस्तीचे शहर, एके काळी कापडगिरण्यांचे. गिरण्या गेल्यावर काय होते हे मुंबईजवळच्या आपल्याला कोणी सांगायला नको. तेथील नगरपालिकेने सुमारे ७० कोटी पौंडांच्या एका भव्य बाजारसंकुलावर भिस्त ठेवली होती. दहा-बारा वर्षे चर्चा, नकाशे, बैठका चालल्या. २०११ च्या नोव्हेंबरात त्यातील मुख्य दुकानदार कंपनीने माघार घेतली आणि सगळे कोसळले. त्याच सुमारास सरकारने शहरांच्या अनुदानाला कात्री लावली होती. हाती पैसा नाही आणि दारी पाहुणाही नाही.

तेव्हा मॅथ्यू ब्राउन नावाच्या नगरसेवकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वेगळा प्रश्न विचारला. बाहेरून पैसा येत नाही तो न येवो, पण शहरात आधीच खर्च होणारा पैसा जातो कोठे? मँचेस्टरच्या एका अभ्यास संस्थेच्या मदतीने त्यांनी हिशेब मांडला. नगरपालिका, परगण्याचे प्रशासन, पोलीस, घरबांधणी संस्था आणि दोन महाविद्यालये अशा सहा संस्था. (त्यांतील एक महाविद्यालय कॅथोलिक आहे, कार्डिनल न्यूमन यांच्या नावाचे.) या संस्था कोठे उठून जाणार नव्हत्या. वर्षाला सुमारे ७५ कोटी पौंडांची खरेदी त्या करीत. २०१२-१३ मध्ये त्यातले जेमतेम ५ टक्के प्रेस्टनमध्ये राहत होते. प्रेस्टन धरून अख्ख्या लँकेशायरमध्ये ३९ टक्के. बाकी सगळे दूरदूरच्या कंपन्यांकडे जात होते. म्हणजे रांजण भरत नाही म्हणून विहीर शोधत फिरायचे आणि रांजणाची भेग तशीच ठेवायची, असा प्रकार.

पुढे त्यांनी केलेल्या गोष्टी ऐकायला साध्या आहेत. शाळांच्या जेवणाचे एकच अवजड कंत्राट निघत असे, ते लहान व्यापाऱ्याला पेलणारेच नव्हते. परगण्याच्या प्रशासनाने त्याचे नऊ तुकडे केले. अंडी एक, सँडविचचे सारण दुसरे, असे. निविदा सर्वांना खुल्या होत्या, पण स्थानिकांना अर्ज करायला सांगितले, समजावले. सगळी कामे लँकेशायरच्या शेतकऱ्यांचा माल घेणाऱ्या स्थानिक पुरवठादारांना मिळाली. नगरपालिकेने २०१२ साली आपल्या कामगारांना कायद्याच्या किमान वेतनाहून अधिक, नीट जगता येईल असे वेतन देण्याचे बंधन स्वतःवर घालून घेतले. २०१६-१७ मध्ये पुन्हा हिशेब केला. प्रेस्टनमधील खर्च ५ वरून १८ टक्क्यांवर गेला होता, लँकेशायरमधील ३९ वरून ७९ वर. एकूण खर्चाला कात्री लागलेली असताना हे झाले. २०२३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात या काळात तेथे नैराश्यावरील औषधांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा कमी राहिल्याचे दिसले. कामाचा आणि मनाचा संबंध कोणा बेकार मुलाच्या आईला विचारावा, तिला अभ्यास वाचावा लागत नाही.

प्रेस्टनने ज्यांच्याकडे पाहून धडे घेतले त्यांत स्पेनमधील माँद्रागोन हे गाव आहे. तेथे १९४१ साली एक तरुण धर्मगुरू आले, फादर होसे मारिया अरिझमेंदियारिएता. नाव उच्चारताना आमचीही जीभ अडखळते. यादवी युद्धाने होरपळलेले गाव, पोरांच्या हाताला काम नाही. फादरांचा एक डोळा लहानपणीच गेला होता, प्रवचनेही म्हणे फारशी रंगत नसत. त्यांनी १९४३ साली एक तंत्रशाळा काढली. त्या शाळेतून बाहेर पडलेल्या पाच जणांनी १९५६ साली कामगारांच्याच मालकीचा एक कारखाना सुरू केला, पुढे स्वतःची पतपेढी निघाली आणि आज त्या सहकारी समूहात हजारो लोक काम करतात. सगळे गोडच झाले असे नाही. त्यांचा घरगुती उपकरणांचा मोठा कारखाना २०१३ साली बुडाला. पण तेथील कामगारांपैकी पुष्कळांना समूहातील इतर सहकारी संस्थांनी सामावून घेतले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली त्या फादरांना ‘वंदनीय’ घोषित केले. आपल्याला हे परके वाटू नये. १९१८ साली मॉन्सिनियर मोनीस यांच्या पुढाकाराने वसईत कॅथोलिक पतपेढी निघाली, तीच पुढे आपली बँक झाली.

आता येथपर्यंत वाचून बैठकीतला तो तरुण म्हणेल, बघा, मी हेच सांगत होतो, पैसा आपल्यातच राहू द्या. येथे मात्र आम्हाला थांबावे लागते, कारण आमच्या मनातही हे सरळ बसत नाही.

समजा मुंबईने उद्या ठरवले की मुंबईचा पैसा मुंबईतच राहील. मग दादरच्या फुटपाथवर बसलेल्या आपल्या भाजीवाल्या ताईंनी टोपली उचलून कोठे जायचे? आपल्या केळ्यांनी, फुलांनी, पानांनी आपली घरे उभी केली ती परक्या शहराच्या पैशावर. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहराच्या फेरीवाला समितीत निदान ४० टक्के जागा विक्रेत्यांना दिल्या आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असे म्हटले. तो कायदा, फेरीवाला कोणत्या गावचा, असे विचारत बसत नाही. आपण दादरला पाहुणे म्हणून जगलो, तर आपल्या दारच्या पाहुण्याला कोणत्या तोंडाने हाकलायचे?

आणि ज्या मंडपवाल्याला बैठकीत भय्या म्हटले गेले तो पंधरा वर्षे आपल्याच गावात राहतो. त्याची मुले येथल्या शाळेत आहेत, तो भाडे येथे भरतो, तांदूळ येथल्याच दुकानातून घेतो. पैसा गावात राहावा हीच कसोटी असेल तर त्याला दिलेला रुपया गावातच फिरतो. उलट आपल्यातले काही जण आडनावाने अस्सल येथले, पण त्यांची खरेदी, गुंतवणूक, सगळे बाहेर. मग स्थानिक कोण? प्रेस्टनमध्येच याचे एक सुंदर उदाहरण आहे. तेथील संत इग्नाशियसचे जुने चर्च केरळातून गेलेल्या सिरो-मलबार कॅथोलिकांना मिळाले आणि २०१६ पासून ते संत अल्फोन्साचे कॅथेड्रल आहे. दूरच्या देशातून आलेली ही माणसे आज त्या शहराची आहेत. शेजारी कोण, हा प्रश्न एका शास्त्र्याने येशूला विचारला होता. उत्तरात त्याला परक्या शोमरोनी माणसाची गोष्ट ऐकावी लागली.

दुसरीही एक भीती आहे. ‘आपल्या माणसाला काम’ या शब्दांचा आपल्या देशात फार लवकर ‘आपल्या भाच्याला काम’ असा अर्थ होतो. कंत्राटाचे तुकडे केले आणि ते एकाच घरातल्या चौघांनी वाटून घेतले, असे होणार नाही याची हमी कोण देणार? म्हणून निविदा खुली असलीच पाहिजे. दर वाचून दाखवले पाहिजेत, काम कोणाला व का दिले ते फलकावर लागले पाहिजे. महापालिकेकडे आपण हे मागावेच. पण सणाच्या हिशेबात आपण ते कधी केले आहे का?

राहता राहिले ते तीस रुपये. चर्चचा पैसा हा विश्वस्ताचा पैसा, तो जपायलाच हवा, यात वाद नाही. पण स्वस्त म्हणजे कोणासाठी स्वस्त? ते तीस रुपये कोठून कमी होतात याची आम्ही चौकशी केली. केटररची भांडी वाढणारी मुले रात्री दोन वाजता परत निघतात, गाडी नसते, फलाटावरच झोपतात, असे त्यांच्यातल्याच एकाने सांगितले. बचत गटाच्या दरात मात्र प्रत्येक बाईची दिवसाची पूर्ण मजुरी धरलेली आहे. कामाची किंमत ते करणाऱ्या माणसावरून ठरते, असा आशय पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ सालच्या कामगारविषयक परिपत्रकात मांडला होता. आपण त्यावर शिबिरे घेतली. ताटामागे तीस रुपयांवर मात्र आपली गाडी अडली. आम्हालाही अजून पूर्ण उत्तर सापडलेले नाही, कारण सणाच्या वर्गणीत गरीब घरांचेही पैसे आहेत आणि जास्तीचा दर त्यांच्याही खिशातून जाणार.

पुढची बैठक येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहात आहे. बचत गटाने या वेळी भात, भाजी, मटण आणि वाढप यांचे दर वेगवेगळे लिहून आणले आहेत. मंडपवाल्यालाही बोलावले आहे.