नेत्रदान आणि पुढचा जन्म

मरणानंतर डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळेपण येईल, ही भीती धर्माच्या नावाने सांगितली जाते. तेव्हा ती धर्माच्याच कसोटीवर तपासायला हवी. आपण देहाला अग्नी देतो, त्यात डोळेही जळतात. जळालेला डोळा पुढच्या जन्मी परत मिळत असेल, तर दिलेला का मिळू नये? गीता देहाला जीर्ण वस्त्र मानते. दधीची ऋषींनी तर अस्थी देण्यासाठी जिवंत देहच अर्पण केला. श्रीलंकेतल्या बौद्धांनी डोळे देणाऱ्या शिबी राजाची जातककथा मनावर घेतली आणि हडसन सिल्व्हा यांच्या नेत्रदान चळवळीतून परदेशांतही डोळे पाठवले.

देहाची विटंबना होते, हा आक्षेपही टिकत नाही. रोपण होतं ते कॉर्नियाचं: मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा, रक्तवाहिनी नसलेला पारदर्शक पडदा. डोळे काढल्यावरही चेहरा विद्रूप दिसत नाही. खरा अडसर मला शोकाचा वाटतो, आणि तो मी हलका मानत नाही. मृत्यूनंतर साधारण सहा तासांत नेत्रपेढीला कळवून डोळे काढून व्हावे लागतात. तोवर पंखा बंद, मिटल्या पापण्यांवर ओला कापूस. आक्रोशात हे कुणाला सुचणार? म्हणून आपली इच्छा घरच्यांना धडधाकट असतानाच सांगायला हवी, कारण शेवटी संमती त्यांनाच द्यावी लागते.