संस्था कोणाची?

वाढत्या गावातील लोकोपयोगी संस्थेचा इतिहास तिच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत वाचावा, तो बहुधा एकाच साच्यातून काढलेला दिसतो. प्रथम चारपाच तरुणांचा उत्साह, मग भाड्याची खोली, मग कोणा उदार गृहस्थाने दिलेली जागा आणि अखेरीस इमारत. एक प्रकरण मात्र त्यात सहसा नसते. गाव वाढले, नवी वस्ती आली, तेव्हा ज्यांनी संस्था उभारली त्यांच्या हातून ती नव्यांच्या हाती कशी गेली, किंवा का गेली नाही, हे ते प्रकरण होय. आम्हांस तेच सर्वांत विचारणीय वाटते; कारण बिनपगारी श्रमांनी संस्थेवर हक्क उत्पन्न होतो काय, हा नीतिशास्त्रातील खरा प्रश्न त्यात दडलेला आहे.

पगारी मनुष्याचा हिशेब महिनाअखेर चुकता होतो. परंतु ज्याने वीस वर्षे कचेरीतून सुटल्यावर वाचनालयाचे दार उघडले, पावसाळ्यात पुस्तकांस कसर लागू नये म्हणून रविवार खर्ची घातले, तूट आली तेव्हा पदरमोड केली, त्याचा हिशेब कोणी व कोणत्या नाण्यात चुकता करावयाचा? लोक त्यास लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा म्हणून हसले, तरी तो भाजीत राहिला. आता परवा गावात बिऱ्हाड थाटलेल्या व वर्गणीची पावती तेवढी हाती असलेल्या गृहस्थाचे मत आपल्या मताइतकेच मोजले जावे, हे त्यास बोचले तर नवल नाही. शास्त्राधारही त्याच्या बाजूने काढता येईल. ज्याने रान तोडले शेत त्याचे, असा मनूचा निर्णय आहे. आणि इंग्रज तत्त्ववेत्ता लॉक याने तर मालकीची सारी उपपत्ती श्रमांवरच बसविली आहे.

हा युक्तिवाद प्रत्यक्ष घटनेवर घासून पाहणे बरे. त्यासाठी पुण्याच्या सार्वजनिक सभेइतके बोलके उदाहरण आमच्या माहितीत दुसरे नाही. त्या काळी पुणे हे पेशवाईच्या आठवणीत जगणारे शहर असले, तरी त्याचा कायापालट सुरू झाला होता. १८५८ साली खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत आगगाडी आली, १८६३ साली बोरघाटाचा मार्ग खुला होऊन मुंबई जोडली गेली. आणि तिच्यामागोमाग वकील, शिक्षक, कारकून यांची नवी वस्ती वाढू लागली. पर्वती संस्थानाच्या कारभाराविषयी लोकांची तक्रार होती. ती मांडण्याच्या खटपटीतून २ एप्रिल १८७० रोजी सभा जन्मास आली. गणेश वासुदेव जोशी हे तिचे प्राण. वकिली करून उरलेला वेळ त्यांनी सभेस वाहिला. किंबहुना सभेतून उरलेला वेळ वकिलीस दिला, असे म्हणणे अधिक खरे ठरेल. लोकांनी त्यांस ‘सार्वजनिक काका’ केले ते उगाच नव्हे.

आता सभेचा एक नियम पाहा. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे. त्यात जातीचा वा धर्माचा निर्बंध नाही. आरंभीच्या पंचाण्णव सभासदांच्या पाठीशी अशा सुमारे सहा हजार लोकांची संमती होती. सरकारदरबारी ‘तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?’ या प्रश्नास उत्तर हवे म्हणून हा नियम झाला असेल. पण त्याचा नैतिक आशय त्याहून मोठा आहे. सभेत बसण्याचा अधिकार सभासदाच्या श्रमांपासून येत नाही. जे कधी सभेस येणार नाहीत, जे एक कागदही लिहिणार नाहीत, अशा पन्नास माणसांच्या विश्वासापासून तो येतो. काकांसारख्या झिजणाऱ्या पुरुषाच्या संस्थेने हा नियम करावा, याचा अर्थ झीज आणि सत्ता ही दोन नाणी निराळी आहेत हे तिच्या संस्थापकांनी पहिल्याच दिवशी ओळखले होते.

पुढे या तत्त्वाची किंमत द्यावी लागली. १८७६-७७ च्या दुष्काळात खेडोपाडी माणसे पाठवून माहिती गोळा करणारी, १८७८ पासून त्रैमासिक चालविणारी ही सभा न्यायमूर्ती रानड्यांच्या सल्ल्याने वाढली होती, आणि १८९० पासून गोपाळराव गोखले तिचे चिटणीस होते. १८९५ साली व्यवस्थापक मंडळाच्या निवडणुकीत टिळकांच्या पक्षास बहुमत मिळाले. रानडे-गोखल्यांची मंडळी बाहेर पडली व १८९६ साली त्यांनी डेक्कन सभा काढली. नव्या चालकांनी त्याच सालच्या दुष्काळात शेतकऱ्यांत जाऊन साऱ्याच्या सुटीचा कायदा समजावून सांगितला, आणि १८९७ साली सरकारने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली.

येथे कोणत्या पक्षाचे राजकारण बरोबर होते हा आमचा विषय नव्हे; त्यावर पुण्यात अजूनही संध्याकाळ सहज निघते. आम्हांस लक्षात घ्यावीशी वाटते ती बाहेर पडणाऱ्यांची रीत. पंचवीस वर्षांचे श्रम ज्यांचे, त्यांनी ‘रान आम्ही तोडले’ असे म्हणून बांधावर बसून राहण्याऐवजी दुसरे रान पाहिले. मनूचा व लॉकचा आधार येथे लागू पडत नाही, तो याचमुळे. शेत करणारा स्वतःच्या पोटासाठी रान तोडतो. वाचनालय काढणारा दुसऱ्यासाठी काढतो, निदान तसे तो म्हणतो. वीस वर्षांनी त्याने त्यावर मालकी सांगितली, तर त्याचे दान मागाहून गुंतवणूक ठरते. कृतज्ञतेवर त्याचा हक्क आहे, आणि ती बहुतेक गावे अत्यंत कंजूषपणे देतात, हेही खरे.

गोखल्यांनी १९०५ साली भारत सेवक समाज स्थापन केला, त्यात प्रवेशाचे दार फार अरुंद ठेवले: पाच वर्षांची उमेदवारी, आजन्म सेवेच्या प्रतिज्ञा, आणि पहिल्या सभासदाच्या हाती मोठा अधिकार. १८९५ च्या आठवणीचा यात वाटा असावा, असे आमचे अनुमान आहे. व्रतस्थांच्या मंडळास हे शोभते. पण गावच्या वाचनालयाने किंवा व्यायामशाळेने हाच कित्ता गिरवावयाचे ठरविले म्हणजे व्रत बाजूस राहते आणि अरुंद दार तेवढे उरते.

दुसरी बाजूही आहे. निवडणुकीच्या आदल्या महिन्यात एकाच हस्ताक्षरात भरलेले शंभर अर्ज येतात, त्यांस आम्ही लोकमत म्हणणार नाही. त्यावर उपाय नियमाचाच हवा: मतदानापूर्वी काही मुदतीचे सभासदत्व असावे, व ती अट जुन्यानव्यांस सारखी असावी. परंतु जुनी मंडळी बहुधा हा उघड उपाय योजीत नाहीत. त्यांस अधिक सौम्य मार्ग ठाऊक असतो. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशीखाली एक ओळ असते, की गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल व तीस गणसंख्येची आवश्यकता राहणार नाही. कायद्याच्या दृष्टीने ही ओळ निर्दोष आहे, आणि तिच्यावाचून कित्येक संस्थांचे काम अडून बसेल. पण ज्या गावाची वस्ती दसपट झाली, त्याच्या संस्थेची सभा वर्षानुवर्षे त्याच अकरा माणसांच्या उपस्थितीत अर्ध्या तासाने भरते, तेव्हा त्या अर्ध्या तासात नेमके काय घडते, याचा विचार कोणी करावा? धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत बदल अर्ज दाखल होतो, त्यावर तीच नावे पुन्हा जातात, आणि चिटणीस मनापासून खंत करतात की नव्या लोकांस सार्वजनिक कामाची आवड राहिली नाही.

त्यांची खंत खोटी नसते. आमच्या परिचयाच्या एका गावी मात्र सभेची नोटीस वाचनालयाच्या आतल्या दालनात, कपाटाच्या कडेला लावलेली असते, आणि नवी वस्ती सारी रुळांच्या पलीकडे आहे. ती नोटीस स्टेशनच्या जिन्यापाशी लावून पाहावी, असे आम्ही चिटणिसांस सुचविले. हरकत काहीच नाही, ते म्हणाले. पुढल्या सभेत विषय ठेवू.