निष्काम कोणी व्हावे?

आपल्या संप्रदायात 'सेवा' हा शब्द सतत कानांवर पडतो. दिंडीत पाण्याची घागर वाहणारा सेवेकरी, सप्ताहात पंगत वाढणारा सेवेकरी, पहाटे मंदिर झाडणारा सेवेकरी. आणि सेवा म्हटली की तिच्या पाठोपाठ दुसरा शब्द येतो, तो 'निष्काम'. हा दुसरा शब्द मोठा पवित्र आहे, आणि म्हणूनच तो जपून वापरावा लागतो. तो कोणी कोणाला म्हणावा, याचा विचार आज एका साध्या, मातीतल्या कामाच्या आधाराने करू. ते काम म्हणजे बियाण्यांची देवाणघेवाण.

अलीकडे शहरांत गच्चीवर आणि गावांत परसात भाजीपाला लावणाऱ्यांची मंडळे झाली आहेत. ही मंडळी वर्षातून दोनदा, मृगाच्या आधी आणि दसऱ्याच्या सुमारास, एकत्र जमतात. कोणी गावठी वांग्याचे बी आणतो, कोणी वालाचे, कोणी घोसाळ्याचे. आपल्याजवळचे ठेवायचे, हवे ते न्यायचे. पैशाचा व्यवहार नाही. पाहणाऱ्याला गोपाळकाल्याची आठवण व्हावी असा तो देखावा असतो. काल्यात कोणाची शिदोरी ताज्या दह्याची, कोणाची शिळ्या भाकरीची; एकत्र झाल्यावर कोणाचे काय हे कोणी विचारत नाही. पण सज्जनहो, काल्याचे कीर्तन दोन-अडीच तासांत होते, त्यामागे सात दिवसांचा सप्ताह असतो आणि सप्ताहामागे महिनाभराची धावपळ असते. तसेच, बी वाटण्याच्या त्या एका सकाळीमागे कोणाचे तरी अख्खे वर्ष असते.

ते वर्ष कसे असते, ते पाहू. वांग्याचे बी हवे असेल तर झाडावरचे चांगले वांगे तोडायचे नाही. ते पिवळे पडून पिकेपर्यंत राखायचे. म्हणजे घरच्या भाजीवर पाणी सोडायचे. टोमॅटोचा गर बियांसकट भांड्यात दोन-तीन दिवस आंबू द्यावा लागतो, तेव्हा बीवरचा बुळबुळीत पापुद्रा सुटतो. मग ते धुऊन सावलीत वाळवायचे. दुधीचे फूल संध्याकाळी उमलते. जवळपास दुसऱ्या जातीचा दुधी असेल तर पतंग आणि माश्या एकाचे पराग दुसऱ्यावर नेतात आणि जात मिसळते. ती शुद्ध राखायची तर फुले उमलण्यापूर्वी बांधून ठेवायची, संध्याकाळी हाताने पराग लावायचे, पुन्हा बांधायचे आणि देठाला खुणेचा दोरा लावायचा. वाल-चवळीला भुंगेरे लागू नयेत म्हणून राख चोळायची, डब्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालायचा. कांद्याचे बी वर्षभरात जोम सोडते, म्हणून ते दरवर्षी नवे लागते. वाटण्याआधी प्रत्येक बियाण्याच्या दहा-दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उगवण पाहायची. सात-आठ उगवल्या तर ठीक. दोन-तीनच उगवल्या तर ते बी बाजूला काढायचे. मग पुड्या बांधायच्या, त्यांवर नाव, गाव, महिना, वर्ष लिहायचे. उरलेले पुन्हा डब्यात, आणि कोणी काय नेले त्याची वहीत नोंद.

या कामात एक मोठे रहस्य आहे. जात मिसळली तर त्या वर्षीच्या फळात काही कळत नाही. फरक दिसतो तो त्या बियांपासून पुढच्या वर्षी आलेल्या वेलावर, आणि तोही दुसऱ्याच्या अंगणात. म्हणजे बियाण्यातले असत्य बोलणाऱ्याच्या दारात फळत नाही, विश्वास ठेवणाऱ्याच्या दारात फळते. पुडी नेणारा बी उघडून पाहू शकत नाही; तो कागदावरच्या चार अक्षरांवर भरवसा ठेवून सारा पावसाळा घालवतो. तेव्हा "खात्री नाही, भेसळ असू शकेल" असे पुडीवर लिहिणे हे धैर्याचे काम आहे. बाजारात असे कोणी लिहीत नाही. जेथे तपासणारा कोणी नाही तेथे खरे लिहिणारा मनुष्य अंतर्यामी साक्षी आहे हे मानतो, मग त्याच्या गळ्यात माळ असो वा नसो. शुद्ध बीजाचे माहात्म्य तुकोबारायांनी सांगितले, ते आपण अंतःकरणाला लावतो आणि ते योग्यच आहे. पण ते आधी खरोखरच्या बियाण्यालाही लागू आहे.

आता प्रश्नाकडे येऊ. अशाच एका मंडळात हे सारे काम नऊ वर्षे एक बाई करीत होत्या. सगळे त्यांना काकू म्हणतात. घरात दोन कपाटे बियाण्यांच्या डब्यांनी भरलेली. मंडळाची माणसे साठ-सत्तर. पुड्या नेणारे सगळे, बी परत आणणारे सात-आठ, निवडायला बसणारे कोणीच नाही. एके वर्षी काकू म्हणाल्या की, यंदा मला होणार नाही. तेव्हा मंडळातील एका गृहस्थाने त्यांना सांगितले, "काकू, तुम्ही तर वारकरी. सेवेत दमायचे कसे? निष्काम करायचे हो." काकू म्हणाल्या, "मनाने नाही दमले मी, हातांनी दमले. आणि हात देवाने दोनच दिलेत." हा संवाद ऐकल्यापासून हा विषय माझ्या मनात घोळत आहे.

गृहस्थांच्या बाजूने पूर्वपक्ष मांडायचा तर तो दुबळा नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगितले आहे. देश, काल, पात्र पाहून, देणे हे कर्तव्य आहे एवढ्याच भावनेने, आणि जो फेड करणार नाही अशाला दिलेले दान ते सात्त्विक. फेडीची अपेक्षा धरली की दान राजस झाले. मग बी नेणाऱ्याने परत आणले नाही, मदतीला आला नाही, म्हणून देणाऱ्याने खंत का करावी? केली तर तिची सेवा सकाम झाली, असे हे म्हणणे.

याचे उत्तर त्याच ग्रंथात आहे. तिसऱ्या अध्यायात भगवंत यज्ञाचे चक्र सांगतात आणि म्हणतात की, मिळालेले परत न देता जो एकटाच भोगतो तो चोर होय. माउलींनी तेथे स्वधर्म हाच यज्ञ असे निरूपण केले आहे. आता ही दोन्ही वचने परस्परविरुद्ध दिसतात, पण नीट पाहिले तर ती दोन वेगवेगळ्या माणसांना सांगितलेली आहेत. सतराव्या अध्यायातले देणाऱ्याला, तिसऱ्यातले घेणाऱ्याला. देणाऱ्याने म्हणावे, "मला काही नको." घेणाऱ्याने म्हणावे, "माझ्यावर ऋण आहे." घोटाळा होतो तो वचने अदलाबदल केल्यावर. घेणारा उठून देणाऱ्याला म्हणू लागला की तू निष्काम हो, तर त्याने शास्त्र सांगितले नाही, शास्त्राआड आपला आळस लपवला. तात्पर्य, निष्काम हा शब्द स्वतःपुरता आहे. उपवासासारखाच तो. स्वतः केला तर व्रत. दुसऱ्यावर लादला तर उपासमार.

कोणी म्हणेल, परतफेडीचा नियम केला की देवाणघेवाणीचा व्यापार झाला. तसे नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाण जपून बियाणे बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेची पायरी न चढलेल्या या माउलीच्या बँकेची रीत अशी की, बी न्यावे आणि पीक आल्यावर दुप्पट परत आणून द्यावे. वरवर पाहता हे व्याज वाटेल. पण व्याज सावकाराच्या तिजोरीत जाते. हे दुप्पट बी जाते ते पुढच्या मागणाऱ्याच्या ओटीत. व्यापारात फेड देणाऱ्याकडे येते, येथे ती पुढे जाते. आपली विद्या अशीच चालत आली. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तेथे माधुकरी मागून शिकलेल्या कितीतरी पिढ्यांनी गुरूंचे ऋण गुरूंना पैसे देऊन फेडले नाही, पुढच्या विद्यार्थ्याला चार अभंग शिकवून फेडले. ऋण फेडण्याची ही परंपरेची रीत आहे, आणि ती मोडली की विद्याही संपते, बियाणेही संपते. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, आपसात देण्याघेण्याचा हक्क मान्य केला आहे. पण हक्क कागदावर टिकतो. बी टिकते ते दरवर्षी कोणी पेरले आणि राखले तरच.

आता जनाबाईंची कथा आठवा. जनी नामदेवांच्या घरी दळण-कांडण करी. तिचे कष्ट पाहून देवाने काय केले? "धन्य तुझी सेवा" म्हणून शाल-श्रीफळ दिले नाही. "निष्काम राहा" असा उपदेशही केला नाही. तो जात्यापाशी बसला आणि खुंट्याला हात लावला. ही कथा आपण भक्तीचे माहात्म्य म्हणून सांगतो. तिच्यात सेवेकऱ्याशी कसे वागावे याचाही धडा आहे. सेवेकऱ्याची खरी पूजा त्याच्या कामाला हात लावून होते. पुष्पहाराने गळा भरतो, जाते हलके होत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर विचार एकांगी होईल. सेवेकऱ्याच्या वाटेवर एक खड्डा असतो, तो कर्तेपणाचा. "माझ्याशिवाय हे होत नाही" असे म्हणता म्हणता, ते आपल्याशिवाय होऊ नये असे वाटू लागते. मग नवा माणूस निवडायला बसला की त्याच्या हातून सूप काढून घेतले जाते, वही दुसऱ्याला दाखवली जात नाही. अरणच्या सावतोबांनी मळ्यातल्या कामातच विठ्ठल पाहिला. आणि संतांच्या पालख्या पंढरीला जातात, पण पांडुरंगाची पालखी सावतोबांच्या भेटीला अरणला येते, अशी परंपरा आहे. १२९५ साली सावतोबांनी देह ठेवला. मळा मात्र कोणाच्या देहाबरोबर जात नसतो. त्याला पुढचा माळी लागतो. भगवंताने स्वतःला सर्व भूतांचे बीज म्हटले आहे. बीज त्याचे, माती त्याची, पाऊस त्याचा. आपल्याकडे असते ती फक्त राखण, आणि राखण करणाऱ्याने पुढच्या राखणदाराला किल्ली द्यायची असते.

त्या मंडळाने पुढे काय केले ते थोडक्यात सांगतो. दोन कपाटांतले डबे बावीस घरांत वाटले गेले. एका घराने एकच वाण सांभाळायचा: पेरायचा, राखायचा, उगवण पाहायची, पुडी बांधायची. काकूंकडे वांगे आणि वाल राहिले. उरलेल्या वेळात त्या नव्या मंडळींना दुधीचे फूल बांधायला शिकवतात. पहिल्या वर्षी तीन घरांचे बी भुंगेऱ्यांनी खाल्ले. पण तेच वाण काकूंनी मागे ज्यांना दिले होते त्यांच्याकडून मागून आणता आले, कारण कोणी काय नेले हे वहीत होते.

दिंडीतही हेच असते. वीणा एकाच्या गळ्यात असतो, पण तो रात्रभर एकानेच धरायचा नसतो. पहारा बदलतो आणि वीणा खाली न ठेवता दुसऱ्याच्या गळ्यात जातो. म्हणून यंदा मृगाच्या आधी कोणी तुमच्या हातावर बियाण्याची पुडी ठेवली तर नमस्कार करा, आणि लगेच विचारा, "निवडायला कधी येऊ?" निष्काम व्हायचे की नाही, ते देणाऱ्यावर सोडा. आपल्याकडे आलेले काम एवढेच की पहारा बदलायला वेळेवर पोचायचे.

रामकृष्ण हरी.