गाईच्या देहांतील दोन आज्ञा

दूध वाढावें अथवा वासरूं लवकर थोराड व्हावें म्हणून गुरांस औषध टोचणें ख्रिस्ती शेतकऱ्यास योग्य आहे काय, असें कोणी विचारिलें तर उपदेशकानें काय उत्तर द्यावें? पवित्र शास्त्रांत सुईविषयीं कांहीं लिहिलेलें नाहीं. म्हणून प्रथम गाईच्या देहांत काय चालतें तें पाहूं.

मेंदूच्या बुडाशीं पीयूषिका नांवाची लहानशी ग्रंथि आहे. वाढीचा रस तीच रक्तांत सोडते. परंतु ती धनीण नव्हे, चाकर आहे. वरून मेंदूच्या दोन आज्ञा तिला येतात. एक 'सोड' म्हणून, दुसरी 'थांब' म्हणून. थांबविणारा पदार्थ १९७३ सालीं व सोडविणारा १९८२ सालीं शास्त्रज्ञांस सांपडला. वाढीचा रस यकृतास पोंचला म्हणजे तें दुसरा रस करितें. हाडामांसाची वाढ बऱ्याच अंशीं त्यानेंच होते. तो पुरेसा झाला कीं मेंदूस वर्दी जाते, व ग्रंथि आवरती होते.

आतां आपल्या शिरूर कासारकडे, सिंदफणेच्या कोरड्या पात्राकडे पाहा. २०१२-१३ व २०१९ च्या दुष्काळांत बीड जिल्ह्यांत गुरांच्या छावण्या पडल्या. बरगड्या मोजाव्या अशा उपाशी गाईच्या रक्तांत वाढीचा रस आटला असेल, असें कोणासही वाटेल. खरी गोष्ट उलट आहे. तो वाढलेला असतो; परंतु यकृत त्याचें ऐकेनासें होतें. वाढ थांबते, आणि तोच रस अंगावरची चरबी मोकळी करून जीव जगवितो. सुकाळांत वाढविणारा चाकर दुष्काळांत राखण करितो! निर्माणकर्त्याची ही दया आम्हांस मोठी वाटते.

या व्यवस्थेंत मनुष्यानें हात घातला त्यास पुष्कळ वर्षें झालीं. १९३७ सालीं सोव्हिएत देशांत या ग्रंथीचा अर्क टोचून गाईंचें दूध वाढविलें गेलें. १९९४ पासून अमेरिकेंत जंतूंकडून करविलेला हाच रस विकला जाऊं लागला. कॅनडानें १९९९ सालीं त्यास नकार दिला. युरोपीय संघानें २००० पासून बंदी केली. कारण ध्यानांत घ्यावें. पिणाऱ्यास बाधा होईल हें मुख्य कारण नव्हतें. कासेचा दाह व लंगडेपण गाईस भोगावें लागतें, हें होतें. सरकारी कागदांत गाईची कैफियत ऐकिली जाते, आणि आमच्या उपदेशांत ती क्वचितच येते!

आपल्याकडील पान्हा सोडविण्याची सुई निराळी. ती दूध उतरविते, वाढीचा रस तो नव्हे. तथापि दूध वाढविण्यासाठीं जनावराच्या प्रकृतीस अपायकारक अशी कोणतीही टोचणी आपल्या देशांतील १९६० च्या कायद्यानें गुन्हा आहे.

मळणीच्या बैलास मुसकें घालूं नये या मोशेच्या आज्ञेवरून पौलानें सेवकांच्या मजुरीचा अर्थ काढिला, म्हणून देवाला बैलाची चिंता नाहीं असें कित्येक म्हणतात. पौलानें अर्थ वाढविला. बैलाच्या तोंडचा घांस काढिला नाहीं.

आजारी जनावरास औषध टोचणें ही दयाच आहे. प्रश्न गव्हाणीचा आहे. वाढीचा रस टोचलेली गाय अधिक देते, ती अधिक खाऊन. वैरण न मिळाली तर आपल्याच अंगांतून काढून देते. घरीं कडब्याची पेंढी नसतां जो 'सोड' म्हणतो, तो तिचें मांस विकतो. मात्र ज्या विधवेची चूल एका गाईवर पेटते तिला हें ऐकवून निघून येणें आम्हांस बरें वाटत नाहीं. सुगीच्या अर्पणांत ज्वारीबरोबर कडबाही घ्यावा, व उन्हाळ्यांत तो तिच्या गोठ्यांत पोंचवावा.