तंबाखूच्या पानातील लस

आनेकलच्या वास्तव्यात सायंकाळी कचेरी सुटल्यावर नाचणीच्या शेतांच्या कडेने फिरावयाची आम्हांस सवय जडली आहे. याच तालुक्यात बोम्मसंद्रचे औषधांचे कारखानेही आहेत. शेत आणि औषधशाळा ही दोन निराळी जगे होत, अशी आमची आजवर समजूत होती. ती सोडून देण्याची वेळ आली आहे.

कॅनडातील मेडिकागो या कंपनीने कोरोनावरची लस तंबाखूच्या भाऊबंदांपैकी एका रोपात तयार केली. विषाणूच्या बाह्य प्रथिनाचा जनुक एका जिवाणूच्या हाती देऊन पानांत उतरवायचा. थोड्याच दिवसांत पानांत विषाणूसारखे दिसणारे, परंतु आतून रिते आणि म्हणून निरुपद्रवी असे कण तयार होतात. पाने खुडून ते वेगळे काढायचे. कोंबडीची अंडी नकोत, प्राण्यांच्या पेशी नकोत. फेब्रुवारी २०२२ मध्ये कॅनडाने या लसीस मान्यता दिली.

परंतु कंपनीच्या भांडवलात फिलिप मॉरिस या सिगारेटवाल्यांचा वाटा होता. जागतिक आरोग्य संघटनेचे तंबाखू-उद्योगाशी संबंध न ठेवण्याचे धोरण आहे. त्यामुळे तिने या लसीच्या मान्यतेचे काम पुढे नेले नाही. वर्षअखेरीस सिगारेटवाल्यांनी आपला वाटा विकला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये मालकांनी, बाजारातील मागणी बदलल्याचे सांगत, कंपनीच बंद करण्याचे जाहीर केले.

हा नकार योग्य होता काय? या प्रश्नाचा विचार आम्हांस तटस्थपणे करता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमचे गाव निपाणीच्या बाजूचे. वडिलांनी तंबाखू विकून आमची फी भरली. १९८१ साली तंबाखूच्या रास्त भावासाठी निपाणीच्या शेतकऱ्यांनी महामार्गावर ठाण मांडले आणि गोळीबारात त्यांतले काही प्राणांस मुकले. त्या पिकाने किती छात्या जाळल्या हे ठाऊक असूनही आम्ही आमची पदवी परत केलेली नाही.

तरीही संघटनेची बाजू आम्हांस उमगते. ठेकेदाराने दिवाळीला पाठविलेली पेटी आपण दारातूनच परत करतो, कारण तिच्यातील मिठाईबरोबर आपला शब्दही विकत घेतला जातो. सिगारेटवाल्यांनाही लसीच्या निमित्ताने प्रतिष्ठाच हवी असणार. मात्र पेटी परत करताना तोटा होतो तो आपला. लस परत करताना तोटा कोणाचा? २०२२ साली इतर लसी उपलब्ध होत्या, म्हणून त्या नकाराचे मोल थोडे पडले.

सर्वत्र तसे नसते. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्या गोचिडजन्य रोगाचा विषाणू शोधून काढला. पुढे तो आमच्या सिंधुदुर्गापर्यंत आला. त्यावरची जुनी लस दुबळी ठरली आणि अलीकडे ती देणे थांबले. उद्या अशा रोगावरची एकुलती एक लस तंबाखूच्या पानातून, आणि तंबाखूच्याच पैशातून आली, तर रानात सरपण वेचणाऱ्या बाईस तत्त्वाचे कारण सांगून थांबविण्याचा अधिकार आम्हांस पोचतो काय?

आमच्या मते पोचत नाही. अशा वेळी लस घ्यावी. देणाऱ्याच्या नावाची पाटी मात्र लावू देऊ नये, आणि तंबाखूवरील निर्बंधांत तसूभर सूट देऊ नये. हे बोलण्याइतके सोपे नाही. फाइलीवर सही करणारा हात प्रत्येक वेळी तेवढा खंबीर राहील, याची हमी कोणी द्यावी? पण स्वतःच्या शुचितेचा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर टाकण्यापेक्षा ती जोखीम आपण उचललेली बरी. निपाणीच्या पैशावर शिकलेल्या माणसाने तरी याहून वेगळे सांगू नये, असे आम्हांस वाटते.