तुटलेल्या हातांची नोंद

गुप्तवार्तेच्या खात्यात माझी बहुतेक नोकरी टेबलावरच गेली. आलेले अहवाल वाचायचे, एकमेकांशी ताडून पाहायचे, वर टिपण पाठवायचे. तिथली एक शिस्त मला फार मोलाची वाटते: बातमी आणणाऱ्याचा भरवसा वेगळा लिहायचा, बातमीचा खरेपणा वेगळा. भला माणूसही ऐकीव सांगतो आणि लबाडाच्या तोंडूनही खरे निघते. पुढे न्यायदर्शन वाचताना वात्स्यायनाच्या भाष्यात आप्ताचे, म्हणजे ज्याच्या शब्दावर विसंबावे अशा माणसाचे, लक्षण भेटले. ऋषी, आर्य, म्लेच्छ, सगळ्यांना ते सारखेच लागू, असे तो म्हणतो. जातकुळीवरून कुणाच्या शब्दाचे मोल करू नये, हे इतक्या जुन्या ग्रंथात इतके स्वच्छ सांगितले आहे!

निवृत्त होऊन नायगावला आलो आणि मूर्तींच्या नादी लागलो. मुलूखच तसा आहे. देगलूरकडे होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे, कंधारला राष्ट्रकूटांच्या खुणा. देगलूरकर महाराजांच्या वारकरी घराण्यातले डॉ. गो. बं. देगलूरकर तर मूर्तिशास्त्रातले मोठे जाणते. त्यांच्या लेखनामुळे मी मूर्तीच्या चेहऱ्याआधी हात पाहू लागलो.

विष्णूच्या 4 हातांत शंख, चक्र, गदा, पद्म. क्रम बदलला की नाव बदलते. अशी 24 नावे. खालच्या उजव्या हातापासून वर, मग डावीकडे आणि खाली असे मोजत पद्म, शंख, चक्र, गदा आले की केशव. एक हात तुटला तरी अडत नाही, राहिलेले आयुध त्याचेच. दोन तुटले की दोन नावे उरतात.

आमच्या भागात एका पारावर अशीच मूर्ती आहे. खालच्या उजव्या हातात पद्म, वरच्या डाव्यात चक्र. बाकीचे दोन्ही हात कोपरापासून गेलेले. शंख वर असेल तर केशव, गदा वर असेल तर त्रिविक्रम. मी काळ्या मातीत दोन्ही प्रकारचे हात करून पाहिले. दोन्ही तितकेच शोभले. शोभणे हा पुरावा नव्हे, हे बोटांना मातीत जसे कळले तसे टेबलावर कधी कळले नव्हते.

गावातल्या पोरांना पाटीवर एकच नाव हवे आहे. "काका, तुमी केशव म्हना, आमी लिवतो." खालच्या हातातली गदा पुष्कळदा बैठकीवर टेकवलेली असते. तिथे तिची खूण सापडली तर केशव ठरेल, पण बैठक तर पार बांधताना सिमेंटात गेली. तेवढे सिमेंट जाणत्या माणसाकडून हलक्या हाताने काढून घ्या, तोवर पाटीवर दोन्ही नावे लिहा, असे त्यांना सांगितले आहे.